शेवटच्या टप्प्याचा मानकरी

आमच्या सासऱ्यांना आल्यागेल्याशी जावयांची ओळख करून द्यायची भारी हौस. थोरल्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणायचे, "हे आमचे मोठे जावई. धावपटू. पेपरात फोटो पाहिला असेल तुम्ही." मग पाहुण्याची नजर माझ्याकडे वळली की घसा साफ करून म्हणायचे, "आणि हे धाकटे. हेही धावायचे." त्या 'हेही'नं माझ्या तोंडातला घास कडू व्हायचा. सासरे गेले, पण ते 'हेही' काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

ही हकिगत त्या थोरल्या जावयाची, म्हणजे माझ्या साडूची. त्याला सगळे 'सुसाट' म्हणत. मी त्याचा आधी मित्र आणि मग साडू. त्याच्या लग्नात मी जेवायला गेलो आणि नवरीच्या धाकट्या बहिणीला पसंत करून आलो, असं ते जुळलं. आता एक गोष्ट सरळ सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ती शोधत बसायला नको. मी त्याच्यावर जळत आलो. पहिल्यापासून आणि मनापासून. पण त्याला कारण आहे.

ज्या शर्यतीचा तो पेपरातला फोटो, ती रिले होती. चौघांनी धावायची. शेवटचा टप्पा सुसाटचा, तिसरा माझा. तिसरा टप्पा वळणावरचा असतो. तिथं प्रेक्षक नसतात, फोटोवाले नसतात, पाण्याचा हौद आणि मैदानाचा रखवालदार असतो. बॅटन माझ्या हातात आलं तेव्हा आम्ही मागं होतो. मी ते वळण असं काढलं की सुसाटच्या हातात बॅटन पडलं तेव्हा आम्ही सगळ्यांच्या पुढं होतो. त्यानं करायचं ते एवढंच होतं की पडायचं नाही. तो पडला नाही. छातीनं फीत तोडतानाचा त्याचा फोटो छापून आला, आणि मी तिकडे वळणावर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिलो. आमचे सर, म्हणजे ज्यांनी आम्हाला घडवलं ते प्रशिक्षक, धावत गेले आणि त्याला मिठी मारली. परत येताना माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "बॅटन जरा लवकर दिलंस."

सरांनी आमच्याकडून एक गोष्ट वर्षानुवर्षं घोटून घेतली होती. बॅटन घेणाऱ्यानं मागं बघायचं नाही. देणारा जवळ आला की पळत सुटायचं, 'हात' अशी हाक आली की हात मागं करायचा, आणि त्यात जे पडेल ते घट्ट धरून पुढं जायचं. मान वळली की वेग गेला. सुरुवातीला सुसाटची मान वळायची, तेव्हा सर शिट्टीच्या दोरीनं त्याच्या पाठीवर फटका ओढायचे. पुढं पुढं त्याची मान वळायचीच बंद झाली.

गुडघा गेला आणि सुसाटचं धावणं सुटलं. माझं तर त्याआधीच सुटलं होतं, पण त्याची बातमी झाली नाही. मी शाळेत खेळाचा मास्तर झालो. गळ्यात शिट्टी, हातात चुन्याची बादली, आणि महिन्याच्या महिन्याला पगार. त्यानं बुटांचं दुकान काढलं. दुकानात शिरल्याबरोबर समोर तो फोटो, आणि त्याच्याखाली काचेच्या पेटीत ते बॅटन. पेटीवर नाव फक्त त्याचं. लोक बूट घ्यायला यायचे आणि हात मिळवून जायचे. हात मिळवता मिळवता बूटही घ्यायचे. गिऱ्हाईक वाकून पायात बूट चढवायला लागलं की हा स्वतः खाली बसून नाडी बांधून द्यायचा. एवढा मोठा खेळाडू आपल्या पायाशी बसतो म्हटल्यावर कोण भाव करणार? मी एकदा तसं करून पाहिलं, शाळेतल्या एका पालकाच्या बाबतीत. त्यांना वाटलं माझं काही पडलं आहे.

दुकानाची दुकानं झाली, मग व्यायामशाळा आल्या. आरशांच्या भिंती, नवी कोरी यंत्रं, दारात गणवेशातला माणूस. थोरलीकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे, स्वयंपाकघरात पांढरा संगमरवरी ओटा आला. माझी बायको तो बघून आली आणि आमच्या ओट्यावरून हात फिरवत उभी राहिली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती रिकाम्या वेळात शिवणकाम करायची. त्या दिवसापासून मशीन जरा जोरात चालायला लागलं.

मग सुसाटच्या पदरी एक हिशेबनीस आला. किडकिडीत, मवाळ बोलणारा, पायांचा आवाज न करणारा माणूस. व्यायामशाळा वाढवायला पैसा लागतो, तर तो लोकांकडूनच का घेऊ नये, ही त्याची अक्कल. लोकांनी ठेव ठेवायची, बँकेपेक्षा दुप्पट व्याज घ्यायचं. सुसाटवर कुणाचा विश्वास नव्हता? भाजीवाली, रिक्षावाले, निवृत्त शिक्षक, सगळ्यांनी पासबुकं काढली. पहिली काही वर्षं व्याज वेळेवर मिळालं, आणि ज्यांना मिळालं त्यांनी आपापले मेहुणे, व्याही, शेजारी पकडून आणले.

माझी बायकोही मागं लागली. "सगळ्या जगानं ठेवले. आपण घरचे असून बाहेर."

"मला पटत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला भाऊजींचं कधी काही पटलंय?"

आता इथं ऐकणाऱ्यानं न्याय करावा. ती म्हणाली ते खरं होतं. पण म्हणून मी म्हणत होतो ते खोटं होत नव्हतं. मला तिच्याकडून एवढंच हवं होतं की कधीतरी, एकदा तरी, माझं बोलणं तिनं माझं बोलणं म्हणून ऐकावं. जळफळाट म्हणून नाही.

मी सुसाटच्या कचेरीत गेलो ते शाळेच्या क्रीडास्पर्धेची वर्गणी मागायला. मोठी काचेची खोली, गार हवा, मऊ खुर्च्या. टेबलापलीकडे सुसाट एका जोडप्याशी बोलत होता. त्यांच्या मुलाच्या पायाला कुठले बूट चांगले, हे तो मन लावून समजावत होता. हिशेबनीस त्याच्या खुर्चीमागं उजव्या अंगाला उभा होता. मध्येच तो हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, सही." सुसाटनं बोलणं न थांबवता, मान न वळवता, उजवा हात मागं केला. हिशेबनिसानं त्यात कागद ठेवला. सुसाटनं तो पुढं घेतला, सही ठोकली आणि बाजूला सारला. परत "साहेब, सही." परत हात मागं. तळवा वर, अंगठा बाहेर, अगदी सरांनी शिकवला होता तसा.

ते जोडपं गेल्यावर आणि हिशेबनीस बाहेर गेल्यावर मी म्हणालो, "अरे, तू कशावर सह्या करतोस ते बघतोस तरी का?"

"तो बघतो की. त्याचं कामच आहे ते."

"मी बॅटन देत होतो तेव्हा ठीक होतं. मी तुझा होतो. हा कोण लागून गेला? बस एकदा, दार लाव आणि सगळं वाचून काढ."

तो हसला. त्याचं हसणं असं की माणसाला आपणच मूर्ख ठरल्यासारखं वाटतं. "वळणराव," तो म्हणाला, कारण संघात मला याच नावानं चिडवायचे, "मागं बघत बसलो असतो तर आज तुझ्यासारखा चुना मारत असतो." वर्गणी मात्र मी मागितली त्याच्या दुप्पट त्यानं दिली. मी ती शाळेत भरली आणि मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी त्याच्या नावानं टाळ्या वाजवायला लावल्या. मुलांच्या रांगा सरळ ठेवायला मीच उभा होतो.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. थोरलीलाही सांगितलं. थोरली म्हणाली, "तुमच्या साडूचं चांगलं चाललेलं तुम्हाला बघवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. निदान बोलून तरी दाखवू नका." बायको ताटात डाळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "एवढं जळू नये माणसानं."

त्यानंतर वर्ष सरायच्या आत एका सकाळी सगळ्या व्यायामशाळांना कुलपं लागली. हिशेबनीस बायकोपोरांसकट गायब. व्याज म्हणून जे मिळत होतं ते नव्या लोकांच्या ठेवींतून दिलं जात होतं, आणि नवे लोक आटल्यावर तळ दिसला. कचेरीची काच फुटली. भाजीवालीनं फुटपाथवर बसून हंबरडा फोडला. सरांनी निवृत्तीचा सगळा पैसा तिथं ठेवला होता. तो बुडाल्यावर ते पुतण्याकडे राहायला गेले, जिथं त्यांना गॅलरीत खाट मिळाली. सुसाटला अटक झाली, मग जामीन. बुटांची दुकानं, गाडी, घर, सगळं जप्त झालं. संगमरवरी ओटा होता तिथंच राहिला आणि थोरली दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेली.

मला वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल की याचं खरं ठरलं. शेजारी म्हणाले, "तुमचीच दृष्ट लागली त्यांना." हे हसत म्हणाले, पण म्हणाले.

आणि गंमत बघा, एवढं होऊनही सुसाटला कुणी शिव्या देईना. शिव्या सगळ्या हिशेबनिसाला. भाजीवाली म्हणायची, "तो देवमाणूस हो, त्याला फसवला." सर म्हणायचे, "पोरगा भोळा." ज्यांचे पैसे बुडाले ते त्याच्या घरी जाऊन त्यालाच धीर देऊन येत होते. लोकांचे पैसे मी असे बुडवले असते, तर मला कुणी भोळा म्हटलं असतं का? मी कितीही विचार केला तरी उत्तर एकच यायचं.

खटला उभा राहिला. सुसाटचा वकील माझ्या घरी आला. बैठकीत पाय पसरून बसला आणि चहा घेत म्हणाला, "तुमची साक्ष म्हणजे आमचा कणा. तुम्ही एवढंच सांगायचं, की रिलेत मागं न बघता हात करायची सवय लावतात आणि कचेरीत तुम्ही तेच डोळ्यांनी पाहिलंत. त्याला माहीतच नव्हतं, हे सिद्ध झालं की तो सुटला." बायकोनं वकिलाला आग्रह करून दुसरा कप दिला. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे कौतुकानं बघत होती. तिच्या भाऊजींना सोडवणारा मी होतो ना.

वकील गेल्यावर ती भाजी चिरायला बसली आणि आनंदाच्या भरात बोलून गेली, "भाऊजी जाणूनबुजून कुणाला फसवतील का? माझे तर त्यांनी परत आणून दिले होते."

"तुझे कुठले?"

तिची सुरी थांबली. मग तिनं सांगितलं. शिवणाचे साठवलेले सगळे पैसे तिनं माझ्या नकळत त्याच्याकडे ठेवले होते. मी कचेरीत जाऊन आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात तो स्वतः ते घेऊन आला. मी शाळेत होतो. दारातच उभा राहून म्हणाला, "धाकटे, हे घे आणि पोस्टात टाक. तुझा नवरा म्हणाला ते बरोबर होतं. मी बसून सगळं वाचलं."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"त्यांनी नको सांगितलं होतं. आणि तुम्ही फुगून बसला असता."

मी खरंच थोडा फुगलो. सगळ्या जगात एका माणसानं माझं ऐकलं होतं, आणि तो हाच निघाला. मग मला दुसरंच सुचलं. मी विचारलं, "सरांनी त्याच्याकडे पैसे कधी ठेवले?"

दोघांनाही माहीत होतं. सरांच्या निवृत्तीच्या समारंभाला आम्ही दोघं गेलो होतो, आणि तो झाला हे पैसे परत आल्यानंतर. म्हणजे सुसाटनं सगळं वाचलं, तळ बघितला, माझ्या बायकोचे पैसे उचलून परत आणून दिले, आणि मग हसतमुखानं सरांचे घेतले.

"हे तेवढं कोर्टात सांगू नका," ती म्हणाली. "बाकीचं सगळं खरंच आहे ना? तेवढं खरं सांगा आणि या. ताईकडे बघा. तिच्या पोरांकडे बघा."

"बघतो," मी म्हणालो.

ती माझ्याजवळ येऊन बसली. "माझ्याकडे बघा," ती म्हणाली. "मी पुन्हा कधी तुम्ही जळता असं म्हणणार नाही."

कोर्टाची खोली लहान, पंखा कुरकुरणारा. मागच्या बाकांवर ठेवीदार दाटीवाटीनं बसले होते. पुढच्या बाकावर सर, हातात काठी, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. मी गप्प बसायचं ठरवून गेलो होतो. शपथेवर सांगतो, ठरवून गेलो होतो. वकिलानं विचारलं तसं मी रिलेचं सांगितलं, हात मागं करून दाखवला, कचेरीतलं सांगितलं. सगळं खरं होतं. मग वकील ठेवीदारांकडे वळून म्हणाला, "हा माणूस साधा. हा माणूस भोळा. याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं." आणि सरांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आणून, आरोपीच्या बाकाकडे बघत, पोटच्या पोराकडे बघावं तसं. माझ्याकडे त्यांनी जन्मात तसं बघितलं नव्हतं. त्यांनी तेव्हा मान हलवली नसती तर मी खाली उतरलो असतो.

"माहीत होतं," मी म्हणालो. "मी सांगितल्यावर त्यानं सगळं वाचलं होतं. माझ्या बायकोचे पैसे परत केले. सरांचे त्याच्यानंतर घेतले."

वकिलाचा चेहरा उतरला, पण तो मुरलेला होता. त्यानं काळा कोट सारखा केला आणि विचारलं, "तुम्ही माझ्या अशिलाचा हेवा करता. खरं की नाही?"

"खरं."

"कधीपासून?"

"धावायला लागल्यापासून."

मागं लोक हसले. वकील म्हणाला, "म्हणजे आज संधी साधलीत." न्यायाधीशांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मी काय होतो ते मला लगेच कळलं. माझं म्हणणं कचऱ्यात गेलं होतं. खरं होतं, आणि तरी गेलं होतं. थोरली तोंडावर पदर धरून बसली होती. माझी बायको जमिनीकडे बघत होती.

तेवढ्यात सुसाट उभा राहिला. वकील त्याची बाही ओढत होता. तो म्हणाला, "साहेब, तो खरं बोलतोय. मी वाचलं होतं. थांबायला पाहिजे होतं, मला थांबता आलं नाही." मग तो सरांकडे वळला आणि त्यांच्यासमोर त्यानं हात जोडले. मागचे लोक आता रडत होते. भाजीवाली रडत होती. सर काठी टेकत उठले, आरोपीच्या बाकापाशी गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास."

मी अजून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. मला उतरायला कुणी सांगितलं नाही, तेव्हा मी आपणच उतरलो.

त्याला शिक्षा झाली, पण स्वतःहून कबूल केलं म्हणून कमी झाली. पेपरात परत त्याचा फोटो आला. 'सचोटीचा शेवटचा टप्पा' असा काहीतरी मथळा होता. मी तो पेपर शाळेच्या शिक्षकखोलीत वाचला. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "काय माणूस आहे हो तुमचा साडू. असं धाडस कोण करतं?" मी म्हणालो, "खरंच." माझं नाव बातमीत 'एका नातेवाइकानं' असं होतं.

बायको बरेच दिवस कामापुरतं बोलत होती. तुरुंगातली पहिली भेट मिळाली त्या सकाळी ती भाऊजींसाठी पिशवी भरत होती. साबण, बनियन, घरी केलेले लाडू. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "त्यानं कबूल केलं ते नंतर. आधी मी बोललो होतो."

"बोललात," ती म्हणाली. "पण भाऊजी बोलले तेव्हा त्यांचं सगळं जाणार होतं. तुमचं काय जाणार होतं?"

तिनं हे रागानं विचारलं नाही, म्हणून मला उत्तर देता आलं असतं. जे जाणार होतं ते माझ्यासमोर उभं होतं, दंडानं कपाळावरचे केस मागं सारत, भाऊजींना आवडतात म्हणून पिशवीत आणखी दोन लाडू ठेवत. मी पिशवी उचलली आणि तिच्यामागं चालू लागलो.